झाकण बसत नाही

जुन्या शेजाऱ्यांच्या मुलीच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. बिडाची जुनी भांडी पाहून त्यांचा कारखाना आणि वय सांगतो म्हणून लोक मला विचारतात. मला मात्र स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा नसतो.

"काका," तिनं लिहिलं होतं, "आईची कढई पाठवतेय. झाकण दादाकडे आहे, ते आता बसत नाही. दादा म्हणतो, 'खरी विकून खाल्लीस, ही नक्कल आहे.' तुम्हीच काय ते सांगा. बाकी ठीक. पोरीला तिचेच जुने फ्रॉक ढगळ होतायत. जेवते तर पोटभर."

एका कढईवरून साचा काढून दुसरी ओतली, तर बीड थंड होताना आकसतं आणि नक्कल किंचित लहान भरते. कारखान्याच्या मापापेक्षा ही लहानच भरली. पण नकलेत कारखान्याचा छाप पुसट येतो, आणि हिचा ठसठशीत होता.

रोज तिच्यात अंडं तळायचो, रोज मोजायचो. रोज ती आणखी थोडी लहान भरायची. चष्माही नाकावरून घसरायला लागला होता, तेव्हा चूक माझ्याच नजरेची धरली.

शेवटी लिहिलं, "कढई अस्सल आहे. दादाला हे पत्र दाखव. पोरीला पुन्हा खुशाल त्याच कढईतलं करून घाल."

कढईचं पार्सल सकाळीच गेलं होतं. पत्र घेऊन मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी आलो. पेटीचं तोंड नेहमी माझ्या छातीशी येतं.

आज टाचा उंचावल्या, हात ताणला, तेव्हा कुठे बोटं पोचली. पत्र आत पडल्याचा आवाज झाला.