कडूबाईच्या गळ्यातला टाक

"आजी, काचेला कुंकू नका ना लावू," दिशा पुन्हा म्हणाली.

गोजरबाईनं पदराच्या टोकानं काच पुसली. डाव्या हातावर पिशवी आणि पिशवीवर पदर घेतलेला. जे काय करायचं ते उजव्या हातानं. मिरजगावहून एसटीनं ती नगरच्या या संग्रहालयात आली होती, आणि तलवारी, नाणी, हंडे सगळं सोडून या एकाच कपाटासमोर ठाण मांडून उभी होती.

कपाटात तांब्याचा एक छोटा पातळ पत्रा होता. त्यावर ठोकून उठवलेली बाई, वर कडी, कडीत काळा दोरा. खालची पाटी दिशानं वाचून दाखवली : 'सवतीचा टाक. तिसगाव परिसर. डाव्या हाताला चारच बोटे, कारागिराची चूक.'

"चूक न्हाई ती. उसाच्या फडात कोयत्यानं तुटलं हुतं बोट."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

गोजरबाईनं पिशवीवरचा पदर सारखा केला. "माझी थोरली भन ती."

दिशानं तिच्यासाठी खुर्ची आणली. पोरगी कामावर नवी होती, माणसांना अजून कंटाळली नव्हती.

पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास तिचा. जिवंतपणी सवतीला दारात उभी करणार नाहीत, मेल्यावर मात्र उराशी बाळगतील! ऐपतीची माणसं टाक चांदीचा करतात. ऊसतोडीला जाणाऱ्या सहादेवनं आपल्या पहिल्या बायकोचा तांब्याचा केला होता. पुढं सहादेव गेला. गेल्या साली त्याची दुसरी बायको कडूबाईही गेली, आणि मुलानं टाक इथं आणून दिला. तिसगावच्या एका बाईकडून ही बातमी मिरजगावच्या बाजारात गोजरबाईच्या कानावर आली होती.

"परत न्यायचाय का तुम्हाला?" दिशानं विचारलं.

"मी नेऊन कुठं ठिवू? एकदा हातात दे. तोंडावरनं बोट फिरवीन न् जाईन. डोळ्यांचं काय खरं न्हाई आता."

"ज्यांनी दिला त्यांना विचारते हं." दिशा फोन घेऊन बाहेर गेली आणि हसतच परत आली. "इथं जवळ, सावेडीतच राहतात. येतायत म्हणाले."

"त्येला कशाला बोलावलंस?" गोजरबाई उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. जावं तर टाक राहतो, बसावं तर जीव थाऱ्यावर राहत नाही.

सहादेवचा मुलगा आदिनाथ आला तो हातात हेल्मेट घेऊन. कानशिलांवरचे केस पिकलेले, चाल बापासारखी, एका अंगाला झुकलेली. गोजरबाईनं पदर कपाळावर ओढला. तो वाकून पाया पडला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवला, आणि तो काढायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.

"मावशी, थोरल्या आईला बहीण होती हे मला कुणी सांगितलंच नाही."

"येनंजानं न्हाई ऱ्हायलं."

"कशी होती हो ती? घरात एक फोटो नाही. मी तेव्हा पाळण्यात. उसाची गाडी पाटात कलंडली, तिला पाण्यानं ओढून नेलं. अंगही सापडलं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळला."

"दुसरं लगीन करायला वरीस तरी थांबले का?"

आदिनाथनं मान खाली घातली. "नाही. मला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं."

"कडूबाईनं नीट केलं का तुझं?"

"पोटच्या पोरापेक्षा जास्त. रोज चिंच लावून टाक घासायची. घासून घासून तोंड गुळगुळीत झालंय बघा. टाकाशी बोलायची, 'पोरगं तुझंच हाय बाई, मी नुसती राखन करते.'"

गोजरबाईच्या डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं तिनं कडूबाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आता त्या कुणाला घालायच्या?

"आन् समज, तुझी थोरली परत आली असती तर?"

"वडिलांची आई म्हणायची, टाक घडवला की माणूस देवांत गेलं. त्याला परत उंबरा नाही."

"व्हय. तसंच असतंय. न्हाईच यायचं तिनं."

"पण कशी होती ते सांगा ना."

"लई रडकी. तुला न्हाऊ घालताना गानं म्हनायची. आवाज फाटका, पर म्हनायची."

आदिनाथ हसला आणि मग बाहीनं डोळे पुसू लागला.

दिशानं कपाट उघडलं. ताटलीत टाक आणि शेजारी पांढरे हातमोजे ठेवून ती आली. "हातांचा घाम लागला की तांब्यावर डाग पडतात, आजी. हे घालावे लागतील."

"एका हातानं धरते की."

"दोन्ही हातांनीच धरायचा असतो. पडला तर माझी नोकरी जाईल."

गोजरबाईनं टाकाकडे पाहिलं, मग आदिनाथकडे पाहिलं. उजवा मोजा त्यानंच तिला चढवला. डावा तिनं मागून घेतला आणि पदराखालीच ओढूनताणून बसवला. मग दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं धरली. दिशानं टाक तीत ठेवला, आणि आदिनाथ जवळून बघायला वाकला.

डाव्या मोज्याचं एक बोट रिकामं होतं. ते चपटं होऊन टाकाच्या कडेवरून खाली लोंबत होतं.