देवमासा न दिसल्यास

‘नाही दिसला,’ क्लॅरी म्हणाला आणि टोपी काढून त्याने तिकीटखिडकीच्या फळीवर ठेवली. टोपीतून पाणी ठिबकत होतं. देवमाशाने उडवलेल्या फवाऱ्याचं पाणी. त्याला शिळ्या मासळीचा वास येतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या हर्वी बेच्या धक्क्यावर तो कोणालाही झोपेतसुद्धा ओळखू येईल.

खिडकीत बसलेल्या केरिनने शेजारच्या पाटीकडे बोट केलं. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. तारीख एकदाच बदलून मिळेल. देवमासा न दिसल्यास पुढची फेरी फुकट, महिन्याच्या आत. केरिन आधी बँकेत होती. नियम मोडतोय असं दिसलं की तिच्या अंगात यायचं.

‘अख्ख्या बोटीला दिसला, क्लॅरी. तुम्हाला तर त्याने आंघोळ घातली.’

‘आंघोळ घातली. दिसला नाही.’

‘देऊन टाक गं,’ मागे दोरखंड गुंडाळत बसलेला कप्तान वेस म्हणाला. ‘इतकी वर्षं देतोय आपण. तो नाही म्हणतो ना, मग नाही.’

केरिनने चडफडत दोन कोरी तिकिटं फाडली. पहिल्या तिकिटांवर जी नावं असतील तीच लिहायची, अशी इथली पद्धत. क्लॅरी आणि नोरीन. ही नोरीन केरिनने कधी बोटीवर पाहिली नव्हती. क्लॅरीने तिकिटं जपून खिशात घातली आणि तो शीळ घालत निघून गेला. फुकटचा समुद्र, केरिन मनात म्हणाली, आणि वर शीळ.

महिना संपत आला तसा तो पुन्हा आला. या खेपेला खिडकी दुसऱ्याकडे सोपवून केरिनही बोटीवर चढली. आज त्याला पकडायचाच.

बेटाच्या आडोशाला समुद्र साय धरल्यासारखा निवांत होता. वेसने इंजिन बंद केलं. क्लॅरी अगदी मागे बसला होता. शेजारची जागा त्याने टोपी ठेवून धरली होती. केरिन त्याच्यावर नजर रोखून होती, पण ऊन कोवळं होतं, बोट पाळण्यासारखी हलत होती, आणि आपण इथे कशाला आलो हेच ती हळूहळू विसरत चालली.

मग क्लॅरीच्या बाजूचं पाणी गडद झालं. आवाज न करता एक प्रचंड डोकं सरळ वर आलं आणि थांबलं. त्याचा डोळा लहान होता, सुरकुत्यांनी वेढलेला. तो बोटीतल्या माणसांकडे एकेक करून बघत होता. माणसं त्या बाजूला धावली. आपण धावलो की जागीच उभ्या होतो, हे केरिनला नंतर आठवेना. तिला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

क्लॅरीने नुसता हात लांबवला असता तर त्या डोक्याला लागला असता. पण डोक्यावर पाणी ओतताना पोरं मिटतात तसे क्लॅरीने डोळे घट्ट मिटले होते. तो नुसता देवमाशाचा श्वास ऐकत होता, आणि त्या श्वासाचे तुषार शेजारच्या टोपीवर पडत होते.

‘गेला का?’ बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या केरिनने त्याला गाठलं. ‘मी पाहिलं. तुम्ही मुद्दाम डोळे मिटलेत.’

‘हो. म्हणून तर दिसला नाही.’

‘ही लबाडी आहे. आज तिकीट मिळणार नाही.’

क्लॅरीने वाद घातला नाही. ‘मग चल माझ्याबरोबर,’ तो म्हणाला. ‘नोरीनला तूच सांग. मला ते जमायचं नाही.’

नोरीन राहायची तो वृद्धाश्रम रस्त्यापलीकडेच होता. चालता चालता त्याने सांगितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दोघं पहिल्यांदा देवमासा बघायला आले, आणि नेमका त्या दिवशी समुद्र रिकामा निघाला. नोरीन मात्र खूश. फुकटची फेरी मिळाली होती. मला सोडून एकट्याने बघायचा नाही, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. पुढच्या फेरीआधीच तिची स्मरणशक्ती जायला लागली. आता तेवढी एकच गोष्ट लक्षात उरली होती, देवमासा बघायला जायचंय. खोलीच्या दाराबाहेर नेलं तरी ती घाबरते. पण जन्मभर मास्तरकी केलेली, रोज सकाळी तिकिटावरची तारीख वाचते. ती उलटून गेलेली असली की बोट आपल्याला टाकून गेली म्हणून दिवसभर रडते.

नोरीन समुद्राकडच्या खिडकीशी बसली होती. अंगात बाहेर जायचे कपडे, मांडीवर थर्मास. क्लॅरीची ओली टोपी बघून तिचा चेहरा उतरला.

‘मला सोडून बघून आलास.’

‘नाही गं. तुझी शपथ, नाही दिसला.’

तिने त्याची हनुवटी धरली आणि त्याच्या डोळ्यांत निरखून बघितलं. ‘खरं बोलतोय,’ ती केरिनला म्हणाली. ‘तू तिकीटवाली ना? कधीची आहे गं आमची फेरी?’

केरिनने एक वाक्य तयार करून आणलं होतं.  त्याऐवजी तिने खिशातून तिकिटांचं पुस्तक काढलं. दोन्ही नावं लिहिली. तारखेपाशी पेन अडलं. काहीही लिहिलं तरी ते महिन्याने उलटणार, आणि हा माणूस पुन्हा त्या डोळ्यासमोर डोळे मिटून बसणार.  मग दोन्ही तिकिटांवर तारखेच्या जागी तिने एकच शब्द लिहिला: उद्या.

नोरीनने चष्मा लावून तो वाचला. पुन्हा वाचला. तिकिटं थर्मासखाली नीट सरकवली आणि ती क्लॅरीकडे वळली.

‘मग आज लवकर झोप,’ ती म्हणाली. ‘आणि उद्या जरा डोळे उघडे ठेव. तुझं कधी लक्षच नसतं.’