एकशे सत्तावन्नावा बिंदू

दोनशेपैकी एकशे नव्व्याण्णव बिंदू जुळले. एकच अडून बसला.

नकाशाताईने चष्मा कपाळावर सरकवला. ऑफिसात तिला सगळे याच नावाने हाक मारत. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून कुठली जमीन किती खारवली आहे याचा अंदाज बांधायचा आणि त्याचा नकाशा करायचा, हे तिचं काम. पण वरून बांधलेला अंदाज खरा की खोटा, ते खाली मातीतच कळतं. त्यासाठी मीटरवाले काका होते. ती नकाशा आणि बिंदूंची यादी धाडायची. काका रानोमाळ फिरून मातीत मीटर खोचायचे आणि आकडे कळवायचे. तीन वर्षांत दोघांची भेट अशी झालीच नव्हती; सगळं फोनवर.

"एकशे सत्तावन्नला नकाशा म्हणतो जमीन निकोप, काका म्हणतात खारट," तिने साहेबांना सांगितलं.

"दोनशेत एक? अगं, मीटरच्या टोकाला काहीतरी चिकटलं असेल. खोड आणि मोकळी हो. पेरण्या तोंडावर आल्यात."

तरी तिचं मन खात होतं. तिने फोन लावला.

"काका, एकशे सत्तावन्न परत मोजाल?"

"परत मोजलं तरी तेच येईल, ताई."

"बाकीचे कसे चपखल बसलेत! हाच तेवढा आडमुठा."

"मग तुम्हाला ठीक वाटेल तसं करा."

म्हातारा दुखावला बहुतेक, असं वाटून ती चुटपुटली. आणि तिने आकडा खोडला.

नकाशा मंजूर झाला, गावोगाव पोचला. त्यात जिथे जमीन निकोप दिसत होती तिथे लोकांनी बिनघोर बी टाकलं. इतका अचूक नकाशा खात्यात आजवर झाला नाही, असं म्हणत साहेबांनी तिची पाठ थोपटली. पण पायपीट केली ती काकांनी. म्हणून खात्याचं प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून ती स्वतःच त्यांच्या गावी गेली.

दार काकूंनी उघडलं. "या ना. हे काय, खिडकीपाशीच बसलेत."

काका खुर्चीत होते. मांडीवर घोंगडी, शेजारी भिंतीला टेकवलेल्या दोन कुबड्या.

"अगंबाई! हे कधी झालं?"

"दीड वर्ष झालं की," काकूच बोलल्या. "बांधावरून पडले, कंबर गेली. तुम्हाला कळवू देईनात. काम सुटलं तर मी चार दिवस जगायचो नाही, म्हणाले."

काकांनी मान खाली घातली. ताईच्या हातातली चौकट एकदम जड झाली.

"मग यंदाचे आकडे कुणी मोजले, काका?"

"तुमचा नकाशा यायचा ना," ते पुटपुटले. "त्यातच बघून लिहायचो. थोडं कमी, थोडं जास्त."

"सगळे?"

"सगळे कसे, ताई? एकशे सत्तावन्न आमच्या परसातच पडतो. तिथवर सरपटत गेलो होतो मी. तो एक खरा आहे."