परत फेकलेला चेंडू

चेंडू उंच उडून प्रेक्षकांत आला आणि थेट आजोबांच्या ओंजळीत पडला. त्यांची नात रेवा आनंदाने किंचाळली. अमेरिकेतल्या त्या छोट्या गावाच्या बेसबॉल स्टेडियमात ती दर शनिवारी हातमोजा घालून बसायची, पण चेंडू कधी तिच्याकडे आलाच नव्हता.

आजोबा उठले आणि त्यांनी चेंडू मैदानात परत फेकला. साताऱ्यात आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस दुसरं काय करणार?

“आजोबा! इथे चेंडू ज्याला मिळतो त्याचाच असतो!” रेवाचे डोळे भरून आले.

“अहो, काय केलंत हे!” आजी म्हणाली. “घरी आलेली लक्ष्मी परत पाठवलीत!”

आजोबा लाजेने घामाघूम झाले, तरी कठड्याशी गेले. खाली उभ्या खेळाडूला हाक मारायला इंग्रजी शब्दच सुचेनात, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले आणि रेवाकडे बोट दाखवलं.

खेळाडू हसला. त्याने चेंडू अलगद वर उडवला. रेवा झेपावली आणि चेंडू तिच्या मोज्यात घट्ट बसला.

टाळ्यांच्या कडकडाटात सगळ्यात मोठा आवाज आजोबांचा होता. पंचासारखं बोट वर करून ते ओरडत होते, “आऊट! आऊट!”