मेजरसाहेबांचं पाऊल

हॅना ऑग्डन घासलेल्या पायरीवर रंग चढवणाऱ्या पिवळ्या दगडाचा शेवटचा हात फिरवत होती, तेवढ्यात त्या ओल्या पायरीवर एक चिखलानं माखलेला बूट पडला.

मिल स्ट्रीटवर असं कुणी करत नसे. शुक्रवारी पायरी वाळेपर्यंत घरचा कर्ता पुरुषसुद्धा ती ओलांडून आत जाई.

"मी मेजर पेनफर्ड," बूटवाला हसून म्हणाला. छातीवर पक्षाची निळी फीत, शेजारी पत्रकं सांभाळणारा कारकून. "पार्लमेंटसाठी उभा आहे. या घरात मतं किती, बाई?"

"एक. पोरगा असता तर दोन."

"लढाईत गेला?" मेजरांनी टोपी काढली. हल्ली दारोदार टोपी काढायची त्यांना चांगलीच सवय झाली होती. "चौकातल्या स्मारकावर नाव असेल त्याचं. मीच उद्घाटन केलं."

"नाहीये. पळपुट्यांची नावं दगडावर घालत नाहीत, असं तुमच्या समितीनं कळवलं. विल्फ ऑग्डन. आठवतोय?"

मेजरांना आठवेना. हॅनाला त्याचाच जास्त संताप आला.

"एकोणीस वर्षांचा होता. तोफांनी डोकं फिरलं, दोन दिवस एका गोठ्यात लपून बसला. सापडल्यावर त्याला लष्करी कोर्टापुढे नेलं. टेबलाशी तीन साहेब बसले होते, मधले तुम्ही. त्याच्या दोस्तानं सगळं सांगितलंय मला. त्याला गोळ्या घालायचं ठरवायला तुम्हाला वीस मिनिटं लागली."

"बाई, कायदाच तसा होता. मी तरी..."

"ही पायरी घासायला मला अर्धा तास लागतो, साहेब."

मेजरांचा चेहरा उतरला. "समितीशी बोलतो मी," ते पुटपुटले.

"निवडणूक होऊ दे, मग बघू," कारकून घाईनं म्हणाला आणि त्यांना पुढच्या दाराकडे घेऊन गेला.

समोरच्या घरातली शेजारीण नेली बादली घेऊन धावत आली. "अगं, पूस आधी तो बुटाचा ठसा! लोक नावं ठेवतील तुला."

हॅनानं तिचा हात धरला.

"पुसू नकोस. माझ्या पोराच्या नावाला दगड मिळाला नाही. साहेबांच्या पावलाला मिळालाय, तर राहू दे. बुधवारी मत द्यायला सगळे इथूनच जाणार आहेत."

आणि गल्लीतली सगळ्यात स्वच्छ पायरी तशीच टाकून ती आत गेली.