थॉमसचा भोंगा

"अंकल, सिनेमा थोडा पुढे घेऊ का? लोक बोअर होतायत," म्हणत सोसायटीचा सेक्रेटरी कमलेश रिमोट चाचपू लागला, तसा थॉमस खुर्चीतून अर्धा उठला.

"नको रे बाबा. शेवट राहिलाय."

कोलशेतच्या त्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये हा जुना सिनेमा लावलेला, कारण त्याचं शूटिंग याच जागेवर झालेलं. तेव्हा इथे कंपनी होती. कामावरून काढलेला एक कामगार गेटसमोर उपोषणाला बसतो आणि शेवटपर्यंत बसूनच राहतो, एवढीच गोष्ट. पडद्यावरचं उपोषण आठवडाभर चालतं. थेटरात सिनेमा तेवढाही चालला नव्हता. थॉमस आणि विठ्ठल या कंपनीतले खरे कामगार, म्हणून त्यांना गुच्छ देऊन पहिल्या रांगेत बसवलेलं. विठ्ठल केव्हाच घोरायला लागला होता.

थॉमसला त्या उपोषणाशी काही देणंघेणं नव्हतं. तो भोंग्यासाठी आला होता. नोकरीभर कंपनीचा भोंगा त्यानेच वाजवला. कंपनीला टाळं लागल्यावर शूटिंगपुरता बॉयलर पेटवला, तेव्हाही भोंग्याची साखळी त्यानेच ओढली. पुढे भोंगा भंगारात गेला. आता त्याचा आवाज उरला होता तो फक्त या सिनेमात, आणि रिमोट कमलेशच्या हातात होता.

पडद्यावर गेटला कुलूप लागलं. हिरोने आभाळाकडे पाहिलं. थॉमसने डोळे मिटून घेतले.

भोंगा वाजला. दोनदा, आखूड.

विठ्ठल झोपेतूनच ताडकन उभा राहिला. त्याला पाहून मागचे दोघं उठले. मग मान द्यायची पद्धत असावी, अशा समजुतीने अख्खं क्लबहाऊस उभं राहिलं. कमलेशने तर हातही जोडले. बसून राहिला तो एकटा थॉमस.

पुरता जागा झालेला विठ्ठल पडद्याकडे बघतच राहिला. मग वाकून कुजबुजला, "अरे थॉमस, सिनेमात इथे कंपनी बंद पडली ना? मग सुट्टीचा लांब भोंगा हवा. हा तर जेवणाचा!"

"डायरेक्टरला कुठे कळतंय."

"त्याला नाही रे. तुला तर कळत होतं?"

थॉमसने डोळे उघडले नाहीत.

"लांब दिला असता, तर सगळे घरी गेले असते," तो म्हणाला. "जेवायला गेलेली माणसं परत येतात."