लाल गाडीचे टायर

"रुंद की अरुंद, ते एकदा ठरवा भाभी. गाडी किती वेळ अशी जॅकवर टांगून ठेवू?" टायरच्या दुकानाचे मालक आप्पा म्हणाले.

बाकावर बसलेल्या इशरतचं ठरलेलं होतं, पण ते तोंडातून निघत नव्हतं. सकाळपासून ती सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्सच्या ड्युटीवर उभी होती. पायांचे नुसते ओंडके झाले होते. शेजारी तिची लेक निदा कॉलेजची बॅग मांडीवर घेऊन पेंगत होती. आणि समोर जॅकवर नवऱ्याची लाडकी: जुनी, लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स गाडी. नवरा कतारला, गाडी इथे. हौस तन्वीरची आणि रोज पावस ते रत्नागिरी हाकायची हिने! बरं, नाही म्हणावं तर ड्युटी सुटते तेव्हा एसटी नसते.

भिंतीला दोन टायर टेकवून ठेवले होते. एक रुंद, चपटा, तन्वीरने फोनवर साइज सांगून मुद्दाम मुंबईहून मागवायला लावलेला. काय त्याचा रुबाब! दुसरा अरुंद, जरा उंच, खोल खाचांचा, टॅक्सीवाले टाकतात तसला.

"खरं सांगू?" आप्पांनी आवाज खाली घेतला. "रुंद टायर कोरड्या रस्त्यावर झकास. आपल्या पावसात तो पाण्यावर तरंगतो. हा दुसरा पाणी कापत जातो. पण गाडी दोन बोटं वर उठेल, आणि तन्वीरभाई माझी मान धरतील."

"त्यांना विचारते," इशरत म्हणाली. ज्याने वर्षभरात गाडीला हात लावलेला नाही त्याला विचारायचं, आणि जी रोज जीव मुठीत धरून चालवते तिने विचारायचं. असो.

शुक्रवार होता, तन्वीरची सुट्टी. दुकानावर फोन करतो म्हणाला होता, आणि फोन आलाच. आप्पांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"रुंदच टाक हां," सलाम-बिलाम सगळं बाजूला ठेवून त्याने सुरुवात केली. "स्पोर्ट्स गाडी आहे ती, बैलगाडी नाय."

"सोमवारी भाट्याच्या पुलाकडच्या उतारावर गाडी घसरली," इशरत म्हणाली. चार दिवस गिळून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. "ब्रेक दाबला तरी चाललीच आपली. रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला जाऊन टेकली, तेव्हा थांबली."

"गाडीला काय झालं?"

इशरतने डोळे मिटले. रागवायलासुद्धा अंगात त्राण लागतं. "गाडीला काय नाय झालं. निदा होती शेजारी."

तन्वीरचा आवाज पार उतरला. "तिला... तुम्हाला लागलं नाय ना?"

"नाय. पण मला भीती वाटते आता. पूल आला की हात कापतात माझे. तेच हात घेऊन मी पेशंटला इंजेक्शन देते. रुंद टायर मी टाकणार नाय. तुम्हाला तेच पायजे असतील तर चावी आप्पांकडे ठेवते आणि एसटीने जाते. स्टँडवर ताटकळत बसायला लागलं तरी चालेल."

"ऐक गो," तन्वीर म्हणाला. "इथे खोलीत खाटेला खाट लागलेली आहे. माझ्या उशाशी भिंतीवर त्या गाडीचा फोटो लावलाय. साइटवरून आलो की तेवढाच बघतो. नवीन पोरं येतात, विचारतात, ही कोणाची? मी म्हणतो, माझी. दाखवायला दुसरं आहे काय माझ्याकडे?"

इशरतला राग होता तो होताच, त्यात आता त्याची दयाही आली, आणि दोन्ही एकदम पेलण्याइतकी ताकद दिवसाच्या शेवटी कोणाकडे असते? तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"टाक तुला पायजेत ते," शेवटी तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी फोटो पाठवशील ना, तो चाकं दिसणार नाहीत असा काढ."

इशरतने फोन ठेवला आणि अरुंद टायरकडे बोट दाखवलं. आप्पांनी मान डोलावली आणि कामाला लागले.

जॅक काढला तेव्हा गाडी लुंगी गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यातून निघालेल्या माणसासारखी दिसायला लागली. निदाची झोप उडाली. ती खुदकन हसली. मग फोटोचं ऐकल्यावर मात्र तिच्या कपाळाला आठी पडली.

"अम्मी, हे कसं जमायचं? बाजूने कसाही काढला तरी चाकं दिसणारच!"

इशरतने गाडीला एक चक्कर मारली. मग मागच्या चाकापुढे जाऊन उभी राहिली, पाठ गाडीला टेकवून.

"पुढच्या चाकाशी तू उभी राहा."

"पण अब्बांना नुसत्या गाडीचा फोटो लागतो. आपण मध्ये आलेलो चालत नाय त्यांना."

"आता येणारच मध्ये," इशरत म्हणाली. "चाकं झाकायला दुसरं कोण आहे?"